नदीकडे तोंड करून

खोली दाखवायच्या आधी आमच्या घरमालकांनी मला पळायचा रस्ता दाखवला.

मी नुकताच त्या गावच्या हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो होतो. रनाळ्याहून एसटीने आलो, खांद्यावर वळकटी, हातात रंगांची पेटी आणि चेहऱ्यावर नव्या नोकरीचं तेज. ओट्यावर एक उंच, वाळलेला म्हातारा धोतराचा सोगा धरून उभा होता. सारं गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही म्हटलं, "आबा, ती खोली..."

"खोली कोठे पयी जास नही," ते म्हणाले. "सामान ठेव. मन्हा मांगे ये. पावलं मोज."

आणि हा माणूस मला घेऊन निघाला तो सरळ तापीच्या दिशेने. दोनशे पावलं झाली तेव्हा समोर नदीशिवाय दुसरं काही दिसेना. तिथे एक बुजलेली विहीर होती. विहिरीपाशी डावीकडे वळून, पपईच्या मळ्याच्या बांधावरून चढत चढत आम्ही माळावर पोचलो.

"पानी उनं का आशे येवानं."

"पण आबा, पूर नदीला येणार आणि मी नदीकडेच पळत सुटू?"

"हा. दोनशे पावलं. नदीकडे तोंड करीसन." मग त्यांनी आवाज इतका खाली आणला की मला जवळ सरकावं लागलं. "ज्याले भ्याव लागस तो मांगे पयस. मंदिरकडे. मंग तो सापडस. चौथा दिनले."

दूध नासलं हे सांगावं अशा सुरात त्यांनी हे सांगितलं. मला हसू आलं होतं, ते तिथेच थांबलं.

गावाची रचना सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गावाच्या पुढे तापी, मागे नाला. नाल्याची खोलगट ओलांडली की पलीकडच्या टेकाडावर देऊळ. गावातून पाहिलं तर देऊळ सगळ्यात उंच दिसतं. पण तापी फुगली की ती आपलं पाणी नाल्यात ढकलते आणि नाला उलटा वाहू लागतो. नदी काठ सोडायच्या आधी, आवाज न करता, ती खोलगट भरते. देवळात गेलेला माणूस अडकतो आणि मग टेकाडही बुडतं. माळ त्याहून दीड पुरुष उंच आहे. फक्त तिकडे जायचा कोरडा बांध नदीकडून सुरू होतो.

आबांनी उभी हयात सरकारी नोकरीत नदीच्या काठावरची मोजपट्टी वाचली होती. पाणी कितीवर आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. निवृत्त झाल्यावर वही गेली, सवय राहिली. त्यांच्यासमोर 'खूप' हा शब्द काढायची सोय नव्हती. विहिरीला खूप पाणी आहे म्हटलं की प्रश्न यायचा, "कितलं? कंबरलग का छातीलग? कोनी छाती?" झोपताना त्यांच्या चपला उशाशी, दाराकडे तोंड करून. आणि रोज सकाळी, पावसाळा असो नसो, नाल्यावर जाऊन पळसाचं एक पान पाण्यात सोडायचं आणि ते कुठे जातं ते पाहत बसायचं. पान नदीकडे गेलं की उठायचे, धोतर झटकायचे आणि "आज ऱ्हायनूत" म्हणून चहा मागायचे. आज राहिलो. सकाळी सात वाजता हे ऐकून दिवस सुरू करणाऱ्या भाडेकरूची काय अवस्था होत असेल, विचार करा.

एकदा गावात कीर्तन होतं. कृष्णजन्म रंगात आला होता, महाराजांनी यमुना वसुदेवाच्या गळ्यापर्यंत आणली होती. बायका डोळे पुसत होत्या. आबा उठून उभे राहिले.

"महाराज, वसुदेवानी उंची कितली धरी?"

महाराज गोंधळले. "असेल... चारचौघांसारखी."

"मंग गळालग वाहता पानीमा मानूस चालस नही. वाही जास. मी दखेल शे. कंबरलग करा आनि पुढे चाला."

महाराजांनी खरोखर यमुना कंबरेपर्यंत उतरवली. सारा मंडप हसला. मीही हसलो, आणि घरी येताना ते 'मी दखेल शे', मी पाहिलंय, माझ्या सोबत आलं.

सिनेमाला त्यांना एकदाच नेलं, नंदुरबारला. पडद्यावर पूर आला, पार्श्वसंगीत गरजलं, माझ्या अंगावर काटा आला. शेजारून आबांचा स्वच्छ आवाज: "हाई पानी टाकीनं शे."

"आबा, हळू!" मी म्हटलं.

पुढच्या रांगेतला एक जण वळून म्हणाला, "ओ बाबा, तुम्हाले जास्त कळस का?"

"पुरमा पहिले चपला येतस," आबा त्याला शांतपणे म्हणाले. "मंग भांडा. मंग ढोरे. मंग बाकीना. आठे एक बी चप्पल दिसनी नही."

तो माणूस पुन्हा वळला नाही. तेव्हापासून कुठल्याही सिनेमात पूर आला की मी चपला शोधतो आणि त्या न दिसल्या की मला बरं वाटतं.

तर अशा गावात सिनेमावाले आले. विषय, आमच्याच गावचा जुना पूर. मी तेव्हा पाळण्यात होतो, त्यामुळे मलाही तो गावाने सांगितला तेवढाच ठाऊक. दिग्दर्शक तरुण, गोड बोलणारा, मान देणारा. त्याने आमच्या ओट्यावर बसून पटकथा वाचून दाखवली. नदीवरचा तरुण मोजणीवाला पाणी चढताना पाहतो, धावत गावात येतो, सगळ्यांना देवळाकडे पळायला सांगतो, गाव टेकाडावर जमतं, घंटा वाजते, गाव वाचतं. तो मोजणीवाला म्हणजे आबा.

मी टाळ्या वाजवल्या. आबांनी पाणी मागितलं.

"कोन सांगं तुले हाई?"

"सगळं गाव सांगतं, आबा. तुम्ही ओरडलात म्हणून गाव वाचलं."

आबांनी तांब्या खाली ठेवला. मग ते बोलले ते दिग्दर्शकाशी, पण बघत होते माझ्याकडे.

"मी वरडनू हाई खरं शे. 'मंदिरकडे पया' हाई बी मीच सांगं. ज्यास्नी आयकं त्या गयात. मन्ही बहीन सर्वास्ना पुढे व्हती, तिले वाटनं भाऊ सांगी ऱ्हायना. एक मेंढपाळ व्हता, बहिरा. त्यानी काही आयकं नही. तो मेंढ्या लिसन बांधवरथून नदीकडे तोंड करीसन गया, त्याना मांगे गया त्या वाचनात." मग म्हणाले, "जो वाचना, तो मन्हं नही आयकं म्हनीसन वाचना."

गाव पुष्कळ वाचलं होतं आणि आबा ओरडले होते. वर्षं गेली तशा गावाने या दोन गोष्टी एका गाठीत बांधून टाकल्या. आबा सोडवायला जायचे, गाव म्हणायचं, म्हाताऱ्याचा मोठेपणा बघा.

दिग्दर्शक माणूस वाईट नव्हता. त्याचे डोळे भरले. पण तो म्हणाला, "आबा, पडद्यावर पूर आलाय आणि माणसं नदीकडे पळताहेत असं दाखवलं तर प्रेक्षक हसतील. त्यांना समजावायला मला दहा मिनिटं लागतील आणि तेवढ्यात सिनेमा मरेल. देऊळ, घंटा, वर चढणारं गाव... हे लोकांच्या काळजाला भिडतं. तुमच्या वहीतला पूर कोणी वाचला? हा लाखो लोक बघतील."

"लोके हासोत. हाशीसन घर जातीन, जेवतीन. आमना गावले आठेच ऱ्हानं शे."

"सुरुवातीला पाटी टाकू. सत्य घटनेवर आधारित, काही स्वातंत्र्य घेतलं आहे."

"पानीले पाटी वाचता येस का?"

सिनेमा अर्थातच झाला. आणि आता माझं पाप सांगतो: मला त्यात काम मिळालं! शाळेच्या गॅदरिंगमध्ये पंधरा वर्षं पडद्यामागे राहिलेला हा मास्तर, डोक्यावर पागोटं, तोंडाला मिशा, पोलीस पाटलाच्या वेषात. संवाद एकच, पण कसला! देवळाच्या फाट्यावर उभं राहून, हात उंचावून, सारी शक्ती पणाला लावून: "मंदिराकडं धावा!" मी तो आरशासमोर म्हटला, वर्गात म्हटला, न्हाणीत म्हटला.

सारं गाव गर्दीत होतं. टँकरचं पाणी, पंपाचा फवारा, आणि पळायचं. घरापासून फाट्यापर्यंत, फाट्यावरून खोलगटीत, वर टेकाडावर. मग भोंग्यातून आवाज: "कट! परत जागेवर!" की सगळे निमूट आपापल्या दाराशी. पुन्हा पळा. पुन्हा कट. दिवसातून सतरा सतरा वेळा, आठवडाभर. गावातल्या सोनामायला तर खास काम होतं. सगळ्यात आधी देवळात पोचून घंटा वाजवायची. सत्तरीची बाई, नात कडेवर घेऊन तालीम करायची. "मास्तर, मन्हा फोटो मोठा येवाव शे म्हने पडदावर!"

आबा रोज फाट्यावर येऊन उभे राहायचे. शेवटच्या दिवशी मी मिशा काढत होतो तेव्हा जवळ आले.

"मास्तर, तू लोकेस्ना पायस्ले शिकाडी ऱ्हायना."

"आबा, नाटक आहे हो!"

"डोकं इसरी जास. पाय इसरतस नही."

सिनेमा चालला. लोक बाहेरगावाहून देऊळ बघायला येऊ लागले, आबांच्या पाया पडू लागले. आबांनी फाट्यावर चुन्याने मोठा बाण काढला, नदीच्या दिशेने. ग्रामपंचायतीने तो पुसला, देवळाला आलेले पाहुणे चुकतात म्हणून. आबांनी पुन्हा काढला. पुन्हा पुसला.

मग एका पितृपक्षातली दुपार. आमच्याकडे लख्ख ऊन होतं. पाऊस वर, लांब पडला होता, तीन दिवस. मी सातवीला सावल्या शिकवत होतो. वर्गाच्या दारात आबा आले. पायांत चपला नव्हत्या.

"पान उलटं गयं," ते म्हणाले.

मी काही विचारायच्या आत ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर पुकारा झाला. वरच्या बंधाऱ्याची दारं उघडली, पाणी येतंय, गाव सोडा. शाळा माळाच्या अंगाला, पोरं सुरक्षित. आम्ही दोघं फाट्याकडे धावलो. म्हणजे मी धावलो. आबांना मी ओढत नेलं.

आणि समोर मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. अख्खं गाव पळत होतं. घरापासून फाट्याकडे, फाट्यावरून देवळाकडे, कोणी न सांगता, आठवडाभर घोटलेल्या ओळीत. ज्याची जागा जिथे होती तिथेच तो. ऊन तसंच होतं, जमीन कोरडी होती, आणि खाली खोलगटीच्या तळाशी काहीतरी चकाकत होतं. घोट्याएवढं. आवाज अजिबात नव्हता.

आबा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात नदीकडे करून. सिनेमातला मोजणीवाला पूर दाखवत असाच उभा राहतो. लोक त्यांना बघून हात जोडत होते आणि बाजूने निघून जात होते. एक जण तर पळता पळता म्हणाला, "आबा, तुम्ही शेत मंग काय भ्याव!"

आबांचा आवाज फुटेना. त्यांनी माझा दंड धरला. "तुन्हा आवाज शे. सांग."

मी बांधावर चढलो. "नदीकडं चला!" म्हणून ओरडलो. दोघंचौघं हसले. भीतीतही हसले! "मास्तर, डायलॉग चुकना!"

तेव्हा मला सुचलं. देवाने सुचवलं म्हणा, सैतानाने म्हणा. पोटातून आवाज काढला:

"कट! परत जागेवर!"

गाव थांबलं. अहो, थांबलं! म्हातारे, बाया, डोक्यावर गाठोडी, हातात शेळीची दोरी, सगळे जागच्या जागी. कोणी तर कंटाळून "आते काय चुकनं?" असंही म्हणालं. तेवढ्या एका क्षणात मी पुढचं सांगितलं: "आता नदीकडं तोंड! विहिरीपर्यंत! आबांच्या मागे!" आणि आबा अनवाणी पुढे निघाले. नदी समोर दिसत होती, तांबडी, अंगावर आल्यासारखी, आणि आम्ही तिच्याकडे चालत होतो. दोनशे पावलं इतकी लांब असतात हे मला माहीत नव्हतं. विहिरीशी वळलो, बांध चढलो, माळावर पोचलो आणि मागे पाहिलं. खोलगट भरली होती. पाण्यावर चपला तरंगत होत्या.

ही गोष्ट मी पुढे दोन वर्षं सांगितली. लग्नात, पंगतीत, एसटीत. 'कट'ला लोक पोट धरून हसायचे. तोच दिग्दर्शक फोन करून म्हणाला, मास्तर, यावर दुसरा भाग होईल, हिरो तुम्ही.

आबा मात्र दर सकाळी नाल्यावरून परतताना माझ्या दाराशी थांबायचे आणि एवढंच विचारायचे, "पहिले काय म्हनना व्हता तू?"

मी विषय बदलायचो. एकदा चिडून म्हणालो, "तुम्हीच सांगून टाका ना गावाला!"

"मी सांगं तर चुगली व्हई. तू सांगं तर खरं."

गेल्या थंडीत आबा गेले. झोपेत, चपला उशाशी. शाळेच्या पटांगणात शोकसभा भरली. मागे फ्लेक्स होता आणि त्यावर आबांच्या शेजारी त्यांच्या दुप्पट मोठा सिनेमातला नट, तरुणपणचे आबा म्हणून. सरपंचांनी भाषणात सांगितलं की आबांनी त्या काळी गाव देवळात नेऊन वाचवलं. मग म्हणाले, "आते मास्तर, तो कटना किस्सा व्हई जाऊ द्या! आबाले बी हासता हासता निरोप देऊत."

मी उभा राहिलो. गोष्ट तोंडावर होती, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं पाठ. समोर तिसऱ्या रांगेत सोनामाय बसली होती, सुनेशेजारी. नात सुनेच्या मांडीवर.

वर मी तुम्हाला सांगितलं की बांधावर चढून मी "नदीकडं चला" म्हणून ओरडलो. ते दुसरं. पहिलं वेगळं होतं. आबा म्हणाले, सांग. मी हात उंचावला, छाती भरली, तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, खणखणीत: "मंदिराकडं धावा!" आबांची बोटं माझ्या दंडात रुतली तेव्हा मला कळलं मी काय बोललो. त्या वेळी सोनामाय सगळ्यांच्या पुढे, फाट्याच्या उताराशी थांबली होती. सगळ्या गावात ती एकटीच थांबली होती, आबांच्या हातांकडे बघत, काय करावं म्हणून. माझा आवाज ऐकून तिने मान हलवली आणि उतारावरून निघाली. मी 'कट' म्हणालो तेव्हा ती एकटी खोलगटीपलीकडे पोचली होती आणि तिच्या मागे पाणी चढलं होतं.

दुसऱ्या दिवशी होडीने तिला काढलं. गळ्यापर्यंत पाण्यात घंटेची साखळी धरून उभी राहिली होती, जिवंत. गाव म्हणालं, म्हातारी फोटोच्या नादाने घंटा वाजवायला गेली. ती सांगत राहिली, "मास्तरनी सांगं म्हनीसन गवू." लोक माझ्याकडे बघायचे आणि मी म्हणायचो, "मी तर नदीकडं म्हणालो, सगळ्यांनी ऐकलं." सगळ्यांनी ऐकलंच होतं. पहिली हाक त्यांच्या कानाला सिनेमापासून सवयीची, ती कोणाच्या ध्यानात राहिली नाही. सुनेने ठरवलं, सासूचं डोकं फिरलं. पहिल्यांदा चुलीपासून दूर केलं, मग नातीला जवळ देईना. दोन वर्षं ती बाई स्वतःच्या ओट्यावर पाहुण्यासारखी बसत होती, आणि मी समोरून शाळेत जात होतो.

हे सगळं मी पटांगणात, फ्लेक्ससमोर, ध्वनिक्षेपकावर सांगितलं. आवाज कुठे चढवला नाही. तो चढतच नव्हता. कोणी हसलं नाही. सरपंच खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. मला वाटलं आता दगड येईल. भीती मला दगडाची नव्हती, सोनामायच्या तोंडाची होती.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग सुनेकडे वळली आणि दोन्ही हात पुढे केले.

"आयकं ना? दे मंग मन्ही नात इकडे."